तेविसाव्या रस्त्यापासून बावन्नाव्यापर्यंत

न्यूयॉर्कला निघतानाच ठरवलं होतं, १४ मार्चचा दिवस मोकळा ठेवायचा.

ब्रॉडवे फिफ्थ अव्हेन्यूला तिरका छेदतो तिथून, म्हणजे तेविसाव्या रस्त्यापासून, सकाळी चालायला लागले. आता इथे ऑफिसं आणि कॉफीची दुकानं आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाच पट्टा पार बेचाळिसाव्या रस्त्यापर्यंत नाचघरं, जुगाराचे अड्डे आणि कुंटणखाने यांसाठी बदनाम होता. १८७६ मध्ये इथे बदली झालेला पोलीस कॅप्टन अलेक्झांडर विल्यम्स म्हणे म्हणाला, आजवर हलक्या मांसावर भागवलं, आता जरा टेंडरलॉइन, म्हणजे उंची मऊ मांस, चाखू. बोलण्याचा रोख अड्ड्यांकडून मिळणाऱ्या हप्त्यांकडे होता. वस्तीला तेच नाव पडलं.

आणि त्याच नावाचा गुन्हेपट वॉर्नर ब्रदर्सनी १९२८ मध्ये काढला. दिग्दर्शक मायकेल कर्टिझ. अड्ड्यावर नाचणारी रोज (डोलोरेस कॉस्टेलो) न केलेल्या गुन्ह्यात अडकते. तिच्याकडून खरं काय ते काढून घ्यायला टोळीतला चक (कॉनराड नेगल) येतो, आणि त्याच्यावर तर ती आधीपासून मनोमन भाळलेली. सिनेमा बराचसा मूक, अधूनमधून बोलणारा. आवाज फिल्मवर नव्हता, १६ इंची तबकडीवर होता. एका रिळाला एक तबकडी, सुमारे ११ मिनिटांची, आणि सुई आतून बाहेर सरकायची. लेबलवर बारीक चौकोन छापलेले असत. प्रत्येक खेळानंतर ऑपरेटरने एकावर खूण करायची. वीसेक खुणा झाल्या की ती तबकडी बाद.

पहिल्या खेळांना लोक भलत्याच ठिकाणी संवादांना हसले आणि काही बोलते प्रवेश कापावे लागले. त्या हसण्याचं मला आजही वाईट वाटतं. पडद्यावर माणसाने बोलायचं कसं, हे तेव्हा ना लेखकांना ठाऊक होतं ना नटांना. कुणीतरी आधी चुकायलाच हवं होतं.

टाइम्स स्क्वेअरची गर्दी ओलांडून बावन्नाव्या रस्त्याशी पोचले. इथे वॉर्नर्स थिएटर होतं. १४ मार्च १९२८ ला 'टेंडरलॉइन' पहिल्यांदा इथेच लागला. बरोबर तीन वर्षांनी, १४ मार्च १९३१ ला, आमच्या गिरगावात मॅजेस्टिकला भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा' लागला. आज दोन्ही सिनेमांची एकही प्रिंट उपलब्ध नाही. हे थिएटर १९५२ मध्ये पाडलं. मॅजेस्टिकच्या जागी शॉपिंग सेंटर आहे, माझ्या शाळेच्या वह्या तिथूनच यायच्या.

बाबांना फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेआठ.

"पोचलीस? आहे का गं काही तिथे?"

"थिएटर नाही बाबा. रस्ता आहे."

"मग रस्ता तरी ऐकव."

मी फोन ब्रॉडवेकडे वळवून धरला. बस, हॉर्न, कुणाची तरी शिट्टी. सिग्नल बदलेपर्यंत बाबा काही बोलले नाहीत.