आमची वाटचाल: आधी झाकण, मग सौदा

मिरजेत सतारीचं दुकान विचारलं तर शेंबडं पोरगंही दाखवेल. आम्ही 'मिक्सर रिपेअर' अशी पाटी लावली तेव्हा पहिल्या महिन्यात आलेली निम्मी गिऱ्हाइकं भांडं आणि पातं घेऊन आली. चूक आमचीच, 'साउंड' हा शब्द लिहायचा राहिला होता. आमचे मिक्सर माइक आणि वाद्यांचे आवाज एकत्र करणारे. पण परत पाठवायची ऐपत नव्हती. कार्बन ब्रश बदलले, कपलर बदलले आणि चटणीचा वास घेत घेत दुकानाचं भाडं भागवलं. एक काकू अजूनही जार घेऊन येतात, आम्हीही नाही म्हणत नाही.

त्याआधी सहा वर्षं मी एका साउंडवाल्याच्या टेम्पोवर ऑपरेटर होतो. बँजो पार्टी, ऑर्केस्ट्रा, पुढाऱ्यांच्या सभा, सगळं केलं. मिक्सर बंद पडला की मालक माझ्याकडे बघायचा, कारण सोल्डरिंग गन धरता येणारा मी एकटाच.

दुरुस्तीत जम बसला आणि मग विक्रीचा मोह झाला. मुंबईला लॅमिंग्टन रोडवर एकाने मिक्सर दाखवला: आठ चॅनेल, यूएसबी, ब्लूटूथ, 99 इफेक्ट, वर निळा डिस्प्ले. किंमत नावाजलेल्या मालाच्या निम्मी. वीस नग उचलले. दुकानात लावून ऐकला, आवाज स्वच्छ. तो असणारच होता. आत 4580 नावाचा ऑप-अँप, म्हणजे आवाज वाढवणारा आयसी होता, आणि तोच आयसी चांगल्या किमतीच्या मिक्सरमध्येही सापडतो. स्वस्त मिक्सरला लोक आवाजावरून नावं ठेवतात ते मला आजही पटत नाही. आवाजाचा आयसी आता चहाच्या पैशांत येतो. पैसे वाचवतात ते पत्र्यात, नटात, सॉकेटात आणि फेडरमध्ये, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या बटणात.

हे शहाणपण तेव्हा नव्हतं. अक्षय्य तृतीया होईपर्यंत वीसपैकी सात परत आले. सातही जणांची तक्रार एकच: पिन हलवली की आवाज येतो, सोडली की जातो. झाकण खोललं. पी-38 चं, म्हणजे माइक-वाद्यांच्या जाड पिनेचं, सॉकेट पॅनलला नटाने आवळलेलंच नव्हतं. बाहेरून जी चकचकीत रिंग दिसत होती ती नुसती दाबून बसवलेली प्लास्टिकची. सॉकेटचा सगळा भार बोर्डावरच्या चार-पाच सोल्डरच्या डागांवर. लग्नात वायरीत पाय अडकतातच, करवल्यांचे, कॅमेरावाल्याचे, नवरदेवाच्या मामाचे. प्रत्येक हिसका थेट त्या डागांना. भिंगाखाली धरलं तर पिनेभोवती केसाएवढी गोल चीर. ती दाबली की जुळायची आणि बोट काढलं की उघडायची.

माल देणारा फोनवर म्हणाला, "फिजिकल डॅमेज आहे, वॉरंटीत बसत नाही." अहो, मिक्सरला पिन लावणं हेच डॅमेज असेल तर तो काय कपाटात ठेवून हळदकुंकू वाहायचं? चार नग दुरुस्त करून दिले, तिघांना पैसे परत केले. त्या वर्षाची कमाई त्यात गेली. हिशेब बायको बघते. ती एवढंच म्हणाली, "पुढच्या वेळी एकच आणा. आधी खोलून बघा, मग बाकीचे." आमच्या धंद्याचा नियम तिथून सुरू झाला. शेजारचे सतारवाले भोपळा ठोकून बघितल्याशिवाय घेत नाहीत, त्यामुळे त्यांना यात काही नवल वाटलं नाही.

आता कुठलाही नवा मिक्सर आला की पहिला नग टेबलावर उताणा पडतो. नट आहेत का, आणि धातूचे आहेत का? व्हॉल्यूमच्या दांड्या पॅनलला धरलेल्या आहेत की बोर्डावरच डुलतायत? पॉवर सप्लायकडून येणारी पट्टी केबल लॉकच्या कनेक्टरमध्ये आहे की नुसती खोचलेली? नुसती खोचलेली असेल तर टेम्पोच्या दणक्याने ती सैल होणार आणि मिक्सर मेला म्हणून आपल्याकडे येणार. आम्ही ती परत दाबून बसवतो. त्याचे पैसे घ्यायला लाज वाटते, तरी घेतो. फेडर 60 मिलिमीटरचा असेल तर जीव भांड्यात पडतो, तो लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मिळून जातो. आखूड फेडर मिळाला तरी पिनांचं अंतर जुळेलच असं नाही.

फेडरचा खरा शत्रू गुलाल. विसर्जनानंतरच्या आठवड्यात आमच्याकडे येणारे मिक्सर आतून गुलाबी असतात. फेडरच्या फटीतून भुकटी आत जाते, रुळावरच्या ग्रीसमध्ये कालवली जाते आणि त्याचा लेप कार्बनच्या पट्टीवर बसतो. वरून खरखर ऐकू आली की ऑपरेटर दाराच्या बिजागरीला मारतात तो स्प्रे फटीत मारतो. खरखर दोन दिवस थांबते. तोवर उरलंसुरलं ग्रीस धुऊन जातं, तेलाचा थर राहतो आणि नवा गुलाल त्यावर आणखी चिकटतो. आम्ही फेडर काढतो, चार कान उचलून पत्रा उघडतो, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पट्टी पुसतो, फेडरचं ग्रीस नव्याने लावतो. पट्टीवर चर पडला असेल तर मात्र धुऊन उपयोग नाही, फेडर बदलायचा. मिरवणुकीआधी फेडरवर स्वयंपाकघरातला पातळ प्लास्टिकचा कागद ताणून लावा असं आम्ही सगळ्यांना सांगतो. दहातले दोघं ऐकतात.

डीजे कंट्रोलरची, म्हणजे लॅपटॉपवरची गाणी हाताने चालवायच्या यंत्राची, तऱ्हा वेगळी. पोरं येतात आणि म्हणतात, "दादा, क्रॉसफेडर बंद केला तरी दुसरं गाणं मागून येतंय, आवाज लीक होतोय." क्रॉसफेडर म्हणजे एका गाण्यावरून दुसऱ्यावर नेणारा आडवा फेडर, आणि कंट्रोलरच्या त्या फेडरमधून आवाज जातच नाही. मिडी नावाची जी भाषा 1983 पासून चालत आलीये, तिच्यात फेडर फक्त आपली जागा कळवतो, 0 ते 127 यांपैकी एक आकडा. पट्टी घाण झाली की अगदी टोकाला नेऊनही तो 0 ऐवजी 2 किंवा 3 सांगतो आणि लॅपटॉप बिचारा तेवढं गाणं सोडतो. सॉफ्टवेअरमध्ये टोकाची थोडी जागा मोकळी सोडता येते का ते आधी बघतो, तेवढ्यानेच पुष्कळदा भागतं. पण कंट्रोलरची यूएसबीची चौकोनी सॉकेट हलली तर ऐन कार्यक्रमात सगळंच गप्प, कारण लहान कंट्रोलरला आवाज आणि वीज दोन्ही त्याच भोकातून. यूएसबी 2 चं पोर्ट नियमाने 500 मिलिअँपिअर देतं, आणि त्या एका पोर्टला स्वस्तातला हब लावून त्यावर कंट्रोलर, पेनड्राइव्ह आणि मोबाइलचं चार्जिंग असे तिघं जेवायला बसवतात.

असंच अडॅप्टरचं. लहान मिक्सरला कित्येकदा एसी आउटपुटचा अडॅप्टर लागतो, कारण आत अधिक आणि उणे असे दोन्ही व्होल्टेज तयार करायचे असतात. तो हरवला की कुणीतरी वायफायच्या राउटरचा डीसी अडॅप्टर लावतं. दिवा लागतो, आवाज येत नाही. एका भजनी मंडळाच्या बुवांनी त्या पायी नवीन मिक्सर घ्यायची तयारी केली होती. योग्य अडॅप्टर दिला, मिक्सर बोलला. माझी विक्री गेली, पण बुवा दर आषाढीआधी मिक्सर साफ करायला आणतात.

मधे बिनशिशाचं सोल्डर आलं. जुनं शिशाचं 183 अंशांना वितळायचं, हे साधारण 217 मागतं. माझ्या जुन्या 25 वॅटच्या गनने डाग नीट सुटायचा नाही, जोर केला की बोर्डावरची तांब्याची टिकलीच उखडायची. तशा दोन बोर्डांची भरपाई दिल्यावर तापमान ठरवता येणारं सोल्डरिंग स्टेशन घेतलं. उशिरा घेतलं.

2020 आणि 2021 बद्दल फार लिहीत नाही. दोन गणपती, दोन लग्नसराया कोरड्या. थोडं काम दिलं ते कीर्तनकारांनी, त्यांना मोबाइलवरून कीर्तन दाखवायला यूएसबीचा लहान मिक्सर हवा होता. पण 2022 ला निर्बंध उठले आणि पेट्यांतून मिक्सर बाहेर निघाले तेव्हा कळलं की पडून राहणंही यंत्राला मानवत नाही. ग्रीस चिकट झालेलं, सॉकेटना हिरवट बुरशी आणि एका पेटीत उंदराचं घर. त्या श्रावणात आम्ही दुकान रात्री एकपर्यंत उघडं ठेवलं.

आज दुकानात आम्ही तिघं आहोत. विक्री ठेवली आहे, पण मोजक्या मॉडेलची, आणि ज्यांचे सुटे भाग आमच्या कपाटात आहेत त्यांचीच. दुरुस्तीला मिक्सर ठेवणाऱ्याकडे कार्यक्रमाची सुपारी असेल तर आमचा एक मिक्सर त्याच्या हातात देतो, मोबदला नाही, फक्त गुलालापासून जपायचं.

पैसे परत करून घेतलेले ते तीन नग माळ्यावर होते. त्यांचे आयसी कधीच वापरून झाले, बटणांच्या टोप्याही संपत आल्या. निळे डिस्प्ले तेवढे तिन्ही शाबूत आहेत, ते कुणी मागत नाही.