‘तुम्ही बसा, आम्ही करतो’

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाच्या सुमाराला मी एका अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाला त्याच्याच घरात खुर्ची आणून दिली आणि म्हटलं, “तुम्ही बसा, आम्ही करतो.” मायेनंच म्हटलं. ते बसले. हातातला स्क्रूंचा डबा त्यांनी खाली जमिनीवर ठेवला आणि पुढचा तासभर दारातून नदीकडे बघत राहिले. त्या तासाबद्दल लिहायचं म्हणून ही पोस्ट.

गोष्ट एप्रिल २०२५च्या शेवटच्या आठवड्यातली. आम्ही राहतो कॅरीला, नॉर्थ कॅरोलायनाच्या साधारण मध्यावर. २६ सप्टेंबर २०२४च्या रात्री हेलीन चक्रीवादळ फ्लोरिडाच्या किनाऱ्याला धडकलं, तेव्हा आमच्याकडे पाऊस पडला, थोडा वारा सुटला, एवढंच. शेकडो मैल आत, आमच्याच राज्याच्या पश्चिमेच्या डोंगरात मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी नद्या गावात शिरल्या. वादळाच्या आधीच तिथे दोन दिवस पाऊस कोसळत होता, जमीन पाणी पिऊन तट्ट झाली होती. माउंट मिचेलच्या शिखरावर त्या तीन-चार दिवसांत दोन फुटांहून जास्त पाऊस झाला. फ्रेंच ब्रॉड नदीनं ॲशव्हिल शहरात १९१६च्या महापुराची रेषा ओलांडली. राज्यात शंभराहून अधिक माणसं गेली. ॲशव्हिलच्या नळाला पिण्याजोगं पाणी यायला ५३ दिवस लागले. समुद्रकाठी वाढलेल्या मला वादळ म्हणजे किनाऱ्याची गोष्ट वाटायची. ते डोंगरात चढून माणसं मारतं हे माझ्या डोक्यात बसायलाच वेळ लागला.

आमच्या समोरच्या घरात एक निवृत्त शिक्षिका राहतात. त्यांच्या बाप्टिस्ट चर्चचा गट ऑक्टोबरपासून तिकडे जात होता, पिवळे टी-शर्ट घालून. आधी चिखल उपसायला, मग भिंती लावायला. मार्चमध्ये त्या मला म्हणाल्या, “ड्रायवॉल उचलायला हात कमी पडतायत, येशील?” (ड्रायवॉल म्हणजे दोन्ही बाजूंनी कागद असलेले जिप्समचे मोठे तक्ते, इथल्या घरांच्या आतल्या भिंती त्यांच्याच असतात.) मी चर्चची नाही, मॉरिसव्हिलच्या देवळातसुद्धा सणावारीच जाणारी. पण मी लगेच हो म्हटलं. इतकं लगेच, की घरी नवऱ्याला आश्चर्य वाटलं. कारण मला माहीत होतं, त्याला सांगितलं नव्हतं.

कारण केळशी. ३ जून २०२०ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं आणि आमच्या दापोली तालुक्याच्या त्या सगळ्या पट्ट्याला पिंजून गेलं. आमच्या आगरातल्या पोफळी कमरेतून मोडल्या, माड आडवे झाले, माजघरावरची कौलं उडाली, पडवीवर आंबा पडला. आई आणि अप्पा दोघंच घरी. विमानं बंद, जिल्ह्यांच्या सीमा बंद, वीज कित्येक आठवडे नाही, वर पावसाळा तोंडावर. मी इथून पैसे पाठवले आणि रात्र-रात्र फोन लावत बसले. पुण्याकडची कोण कुठली मुलं ताडपत्र्या आणि कौलं घेऊन आली आणि त्यांनी आमचं छप्पर शाकारलं. त्यांची नावंसुद्धा मला माहीत नाहीत. तेव्हापासून कुणाच्या तरी घराचं काहीतरी आपल्या हातानं करायचं राहून गेलंय, असं मनात होतं.

कॅरीहून इंटरस्टेट ४०नं सरळ पश्चिमेला चार तास. मॅरियन सोडलं की ओल्ड फोर्टचा घाट लागतो, आणि तिथून पुढे व्हॅनमधलं बोलणं थांबलं. झाडं एकाच दिशेला झोपलेली, डोंगराच्या उतारावरून मातीचे लाल ओघळ, खाली रेल्वेचा मार्ग तुटलेला. मधूनच एखाद्या डॉगवुडला पांढरी फुलं आलेली. आमची राहण्याची सोय ब्लॅक माउंटन गावातल्या एका चर्चच्या रविवारच्या शाळेत होती. भिंतीवर मुळाक्षरं, कोपऱ्यात बुटक्या खुर्च्या, आणि जमिनीवर हवेच्या गाद्या. माझी गादी रोज पहाटे तीनला बसायची. आंघोळ बाहेर उभ्या केलेल्या ट्रेलरमध्ये, माणशी पाच मिनिटं. मला रात्री शांत खोली लागते, आणि बारा बायका एका वर्गात झोपल्यावर ती मिळत नाही. तीन दिवस मी फार थकले, चिडचिडी झाले, आणि हे लपवलंही नाही.

जेवणाचं मात्र वेगळं. मी मांस खात नाही म्हटल्यावर स्थानिक बायकांनी माझ्यासाठी पिंटो बीन्सचं वेगळं भांडं लावलं. तिथे ते बीन्स डुकराच्या हाडाबरोबर शिजवतात. माझे नुसते कांदा घालून, वर मक्याचा पाव. त्यातल्या दोघींची स्वतःची घरं अजून उघडी होती. त्या रोज संध्याकाळी आमच्यासाठी रांधत होत्या.

प्रार्थनेबद्दलही लिहिलं पाहिजे, कारण मला निघण्यापूर्वी सगळ्यांनी तेच विचारलं. रोज सकाळी गोल करून, हात धरून प्रार्थना व्हायची. मी हात धरायचे, डोळे मिटायचे, आणि आईचं नाव घ्यायचे. एका संध्याकाळी एका गृहस्थांनी मला बाजूला घेऊन, माझी श्रद्धा कशावर आहे, मेल्यानंतर काय होतं असं वाटतं, हे जरा जास्तच आग्रहानं विचारलं. मला ते आवडलं नाही, आणि तसं मी त्यांना सांगितलं. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही. मदतीच्या मागे धर्म येतो ही शंका माझ्या मनातून पूर्ण गेलेली नाही. पण हेही खरं की त्या रस्त्यावर सात महिन्यांनी हातोडा घेऊन जी माणसं उभी होती, ती बहुतेक चर्चमधूनच आलेली होती. चिमनी रॉक गावात तर पेनसिल्व्हेनियाचे आमिश (जुन्या पद्धतीनं राहणारा एक ख्रिस्ती पंथ) सुतार हिवाळाभर खपले.

आमच्याकडे कामाला दिलेलं घर स्वॅनानोआ गावात होतं, नदीपासून दोन गल्ल्या आत. नदी पाहून मला राग आला. गुडघाभर पाणी, गोट्यांवरून खळखळत जाणारं, मुलांनी पाय बुडवून बसावं असं. मग वर पाहिलं तर काठच्या झाडांच्या फांद्यांत, माझ्या डोक्याच्या कितीतरी वर, प्लास्टिक आणि कपड्यांच्या चिंध्या अडकलेल्या. सात महिने झाले तरी तिथेच.

घरमालक आजोबा (मी त्यांना मनात आजोबाच म्हणत होते, तोंडानं ‘सर’) बीकनच्या गिरणीत कामाला होते. एकेकाळी जगातली सर्वांत मोठी ब्लँकेटची गिरणी होती ती. २००२ला बंद पडली, पुढच्या वर्षी जळाली. हे घर त्यांनी १९७४ साली भावाला मदतीला घेऊन स्वतः बांधलं. बायको चार वर्षांपूर्वी गेली. पुराचं पाणी साडेचार फूट चढलं तेव्हा ते शेजाऱ्याच्या माडीवर होते. घराच्या नेहमीच्या विम्यात पूर येत नाही, त्याचा विमा वेगळा घ्यावा लागतो, आणि त्या डोंगरात तो फारच थोड्यांनी घेतलेला होता. फेमाकडून, म्हणजे केंद्र सरकारच्या आपत्ती-मदत खात्याकडून, घरदुरुस्तीसाठी जास्तीत जास्त ४२,५०० डॉलर मिळू शकत होते. यांना मिळाले त्याच्या निम्म्याहून कमी. त्यातले आठ हजार एका ठेकेदारानं आगाऊ घेतले आणि तो परत आलाच नाही. उरलेल्या पैशात फक्त सामान बसत होतं, मजुरी नाही. म्हणून आम्ही.

आधीच्या गटांनी चिखल काढला होता, भिंती सोलून लाकडी वासे मोकळे केले होते, बुरशी मारून ते महिनोन्‌महिने वाळवले होते. वाशात ओलावा मोजायचं यंत्र टोचून खात्री केल्याशिवाय भिंत लावायची नाही, नाहीतर आतून परत कुजते. आमच्या वाट्याला आलं ते आत थंडी अडवणारी गुलाबी काचलोकर भरणं (दोन दिवस मान खाजत होती) आणि वर ड्रायवॉलचे आठ बाय चार फुटांचे पत्रे बसवणं. आधी छत, मग भिंती. स्क्रू इतकाच आत जायला हवा की त्याचं डोकं कागदात किंचित रुतेल, पण कागद फाटणार नाही. फाटला की पकड गेली. माझे पहिल्या दिवशीचे निम्मे स्क्रू काढून परत मारावे लागले. रोज सकाळ-संध्याकाळ एका तक्त्यावर आपले तास लिहायचे. मला ती कारकुनी वाटली, पण गटप्रमुखांनी समजावलं की स्वयंसेवकांचे हे तास सरकारी मदतीत स्थानिक प्रशासनाच्या वाट्यात धरता येतात, म्हणून एकही तास वाया घालवायचा नाही.

आजोबा पहिल्या दिवशी सारखे पायात येत होते. डबा धरून उभे, टेप पुढे करणार, मध्येच सांगणार की या वाशाला गाठ आहे, इथे स्क्रू मारू नका. माझ्या डोक्यात त्यांचं वय, त्यांचे कापरे हात, आणि चार दिवसांत संपवायचं काम. म्हणून दुसऱ्या दिवशी मी खुर्ची आणली.

जेवणाच्या सुट्टीत गटप्रमुखांनी मला अंगणात बोलावलं. निवृत्त प्लंबर, २००५च्या कट्रीनानंतर मिसिसिपीच्या किनाऱ्यावर वर्षभर जाऊन-येऊन काम केलेले. आवाज चढवला नाही. म्हणाले, “तू त्यांच्या हातातला डबा काढून घेतलास. सात महिने सगळेजण त्यांच्यासाठी काहीतरी करतायत. तो डबा एवढंच त्यांचं काम होतं.” मी म्हटलं, ते दमतील, पडतील. ते म्हणाले, “मग शिडी आपण धरू. काम दोन तास उशिरा संपेल.”

मला फार लागलं ते. माझा हेतू काय होता आणि हे मला काय सांगतायत, असंही वाटलं. दुपारभर मी कुणाशी बोलले नाही. रात्री व्हॅनमध्ये बसून केळशीला फोन लावला, तिकडे सकाळ होती. अप्पांना सगळं सांगितलं, मुख्य म्हणजे मी किती बरोबर होते ते.

अप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “अगो, ती पुण्याची पोरं आली ना, फार गुणी. पण त्यांनी मला अंगणात खुर्ची दिली बसायला. काका, तुम्ही हलू नका म्हणाली. कौलं कशी घेतात ते मला विचारलंनी नाही. तीन दिवस मी माझ्या घरात पाहुण्यासारखा बसलो होतो. ती गेल्यावर दोन ओळी मी उतरवून परत घेतल्या.”

“पावसात? छपरावर चढलात?” मी ओरडलेच.

“हळूहळू घेतल्या,” अप्पा म्हणाले.

पाच वर्षांत हे त्यांनी मला सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं. मी विचारायचे ते पैसे पोचले का, आणि गळतंय का.

तिसऱ्या दिवशी मी खुर्ची उचलून बाहेर ठेवली, डबा आजोबांच्या हातात दिला आणि विचारलं, इथे गाठ कुठे कुठे आहे? त्यांनी मला एकेक वासा दाखवला. कुठला भावानं कापला, कुठला वाकडा निघाला म्हणून दोनदा बदलला, स्वयंपाकघरातला कुठला जुन्या घरातून आणला. त्या दिवशी दोनच भिंती झाल्या. पुढचा वेळ पावसात आणि गवंड्यासारखं सांध्यांवर लुकण फासण्यात गेला.

या गटांची एक रीत आहे. वासे झाकायच्या आधी त्यांवर बायबलमधली वचनं लिहितात. भिंत लागली की कुणाला दिसत नाहीत, पण घरात राहतात. शेवटच्या दिवशी स्वयंपाकघराची एकच भिंत उरली होती. तिच्या एका वाशावर आजोबांनी सुतारी पेन्सिलीनं आडवी रेघ मारून ठेवली होती, माझ्या हनुवटीच्या जरा खाली, आणि शेजारी तारीख, २७ सप्टेंबर २०२४. बाकीच्यांनी वचनं लिहिली. आजोबांनी पेन्सिल माझ्याकडे दिली. मला एकही श्लोक लिहावासा वाटेना. आदल्या दिवशी मी त्यांना अप्पांची गोष्ट सांगितली होती, त्या उतरवून परत घेतलेल्या कौलांसकट. मी त्यांच्या रेघेच्या बाजूला देवनागरीत लिहिलं, ‘केळशी, ३ जून २०२०’.

“तुझ्या वडिलांचं घर?” त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी ‘केळशी’चा उच्चार तीनदा करून पाहिला. ‘ळ’ त्यांना जमला नाही.

मग शेवटचा पत्रा. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला आजोबा, मागून गटप्रमुखांचा हात त्यांच्या पाठीला, न टेकवता, नुसता धरलेला. पत्रा वर गेला, दोन्ही तारखा झाकल्या गेल्या. पहिला स्क्रू आजोबांनी मारला. डोकं नेमकं कागदात रुतलं, कागद फाटला नाही. मग ते माझ्याकडे वळले आणि त्यांनी डब्यातून पुढचा स्क्रू काढून माझ्या तळहातावर ठेवला.