पी०३०२

जुन्या गाडीचं मिसिंग, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट न जळणं, आठवडाभर डोकं खात होतं. उभ्या गाडीत स्टिअरिंग थरथरायचं आणि परवा चढावर चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला. तो लुकलुकला की गाडी दामटायची नाही. न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तो तापून निकामी होतो.

गाडीचे बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला. पी०३०२, म्हणजे मिसिंग दुसऱ्या सिलिंडरमध्ये. कोड फक्त कुठे ते सांगतो, का ते नाही. इथेच घाई करून लोक स्पार्क प्लगला ठिणगीची वीज पुरवणाऱ्या चारही कॉइल बदलतात, मला ते मुळीच पटत नाही. मी दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर लावली, तिसऱ्याची दुसऱ्यावर, कोड पुसला आणि एक फेरी मारली. कॉइल खराब असती तर कोड तिसऱ्या सिलिंडरचा आला असता. पण पुन्हा पी०३०२च! कॉइल निर्दोष.

कॉइल उपसताना तिच्या रबराला तेल दिसलं होतंच. आता प्लग काढला, तर खड्ड्यात बोटभर ऑइल. प्लगच्या पांढऱ्या भागावर केसाएवढी काळी रेघ, ठिणगी तिथूनच निसटत होती. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचं, पॅकिंग दगडासारखं कडक झालेलं, तेल तिथूनच झिरपलेलं.

पॅकिंग, सील, चारही प्लग नवे टाकले. रबरं पुसून घेतली. स्टिअरिंग आता शांत आहे.