पिकअपचा एक्झॉस्ट बदलला, पण ते घुमणं जाता जाईना

पिकअपला कॅट-बॅक सिस्टीम बसवायची, म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हात न लावता त्याच्या मागचे पाइप, सायलेन्सर आणि टेलपाइप बदलायचे. काम तसं सोपं. बोल्ट गंजलेले असतात, आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. बसवून चाबी फिरवली आणि इंजिनाने जो खर्ज लावला, तो ऐकून जीव सुखावला.

मग हायवेला लागलो. 1800 आरपीएमला (मिनिटाला इंजिनाचे 1800 फेरे) एका वेगात चालताना केबिन असं घुमायला लागलं की कानांत दडे बसले. ॲक्सिलरेटर जोरात दाबला की गायब, वेग स्थिरावला की हजर.

गॅरेजवाल्याकडे उत्तरं तयार. आधी "नवीन आहे, जरा चालवा." मग "सायलेन्सरचं पॅकिंग बसू द्या." मग "सवय होईल हो!" दर वेळी उभ्या गाडीला रेस देऊन विचारायचा, "कुठाय आवाज?" अरे बाबा, उभ्या गाडीत इंजिनावर लोड कुठे असतो? शेजारी बसून एक चक्कर मार म्हटलं, तर गर्दीचं कारण.

शेवटी हिशोब मीच मांडला. आठ सिलिंडरच्या व्ही-8 इंजिनात क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, एका फेऱ्यात चार स्फोट. 1800 आरपीएम म्हणजे सेकंदाला 30 फेरे, म्हणजे 120 स्फोट, म्हणजेच 120 हर्ट्झ. हा सूर मारायला मुख्य पाइपला एक बंद तोंडाची नळी जोडतात. लाट तिच्यात शिरते, टोकाला आपटून परत येईपर्यंत अर्ध्या लाटेने मागे पडते आणि मूळ लाटेला खाते. नळीची लांबी तरंगलांबीच्या पाव. थंड हवेत ती 70 सेंमीच्या आसपास येते, पण गरम वायूत ध्वनी जास्त वेगाने धावतो, म्हणून नळी लांबच घ्यायची आणि चालवून बघत थोडी थोडी कापायची. दुसऱ्या एका वेल्डरने कुरकुर न करता हे केलं. शेजारच्याशी पुन्हा नेहमीच्या आवाजात बोलता यायला लागलं.

ताकदीचं म्हणाल तर नुसत्या कॅट-बॅकने फरक थोडाच पडतो. उगाच जाडजूड पाइप घेऊ नका, कमी आरपीएमला वायूचा वेग पडतो आणि ओझं ओढताना गाडी मरगळते.

आणि हो, क्लॅम्प आधी सैलच ठेवा. सगळं सरळ रेषेत आलं, पाइप कुठे चासीला टेकत नाही हे बघितलं, की मगच आवळा. थोडं चालवून झाल्यावर, पाइप गार असताना, पुन्हा एकदा.