झेडएसएम-५ च्या दारातून बाहेर पडणारे झायलीन

झायलीन या द्रवाची पॅरा, मेटा आणि ऑर्थो अशी तीन रूपे असतात; अणू तेच, फक्त त्यांची मांडणी वेगळी. त्यांपैकी पॅरा-झायलीन सुमारे १३८ अंश सेल्सिअसला उकळते आणि मेटा-झायलीन सुमारे १३९ अंशांना. एवढ्याशा फरकामुळे ही दोन द्रव्ये ऊर्ध्वपातनाने वेगळी करणे व्यवहारात जमत नाही, आणि पॉलिएस्टरचा धागा व पाण्याच्या बाटल्या ज्या टेरेफ्थॅलिक आम्लापासून बनतात, त्यासाठी तर फक्त पॅराच लागते. गेली काही वर्षे मी टोल्युइन आणि मेथॅनॉल यांपासून झायलीन तयार करण्याच्या अभिक्रियेवर काम करते आहे. तिन्ही झायलीन बनवून मागाहून त्यांतले पॅरा वेचण्यापेक्षा मुळातच बहुतांश पॅरा बनावे, हा त्यामागचा हेतू असून त्यासाठी आमची सारी भिस्त झिओलाइटच्या छिद्रांवर आहे.

झिओलाइट ही सिलिकॉन, अ‍ॅल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांची स्फटिकी जाळी असते. जाळीत सिलिकॉनच्या जागी अ‍ॅल्युमिनियमचा अणू बसला की तिथे ऋण प्रभार येतो, आणि तो तोलून धरायला प्रोटॉन आला की ती जागा तीव्र आम्लासारखी वागू लागते. अर्गाउअर आणि लँडोल्ट यांनी मोबिल कंपनीत शोधलेल्या, १९७२ मध्ये पेटंट मिळालेल्या झेडएसएम-५ या झिओलाइटची छिद्रे अर्ध्या नॅनोमीटरहून किंचितच रुंद आहेत. स्फटिकाच्या आत तिन्ही झायलीन तयार होतात, परंतु अंगाने सडपातळ असलेले पॅरा त्या अरुंद वाटांतून इतर दोघांपेक्षा जवळपास हजार पट वेगाने बाहेर पडते. ऑर्थो आणि मेटा आतच अडकून राहतात, आम्लाच्या जागांवर त्यांचे पुन्हा रूपांतर होते, आणि त्यांतून जे पॅरा बनते ते निसटते. उष्मागतिकीच्या हिशेबाने पॅराच्या वाट्याला मिश्रणाचा जेमतेम चौथा हिस्सा येतो. ती मर्यादा छिद्राच्या केवळ रुंदीमुळे ओलांडता यावी, हे मला आजही विलक्षण वाटते.

खरे तर झिओलाइट महाराष्ट्राला परके नाहीत. नाशिक, पुणे, जळगाव या भागांतल्या बेसाल्टच्या पोकळ्यांत स्टिल्बाइट आणि ह्यूलँडाइटचे देखणे स्फटिक सापडतात. मात्र त्यांच्या वाटा आमच्या कामासाठी फारच अरुंद असतात आणि आम्ही वापरतो त्या तापमानाला त्यांची जाळी टिकत नाही, म्हणून आमचा उत्प्रेरक, म्हणजे अभिक्रियेला वेग देणारा झिओलाइट, प्रयोगशाळेतच घडवावा लागतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉल रत्नसामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऐंशीच्या दशकात असाच एक झिओलाइट उत्प्रेरक, एन्सिलाइट, विकसित केला आणि तो बडोद्याच्या आयपीसीएल या पेट्रोरसायन कंपनीच्या कारखान्यात झायलीनच्या समावयवीकरणासाठी, म्हणजे एका रूपाचे दुसऱ्यात रूपांतर करण्यासाठी, वापरला गेला. कारखान्यात टिकेल असा उत्प्रेरक घडवणे हे किती निराळे काम आहे, हे मला पुढे सांगणार आहे त्या प्रसंगानंतर उमगले.

टेफ्लॉनचे अस्तर असलेल्या ऑटोक्लेव्ह या बंद दाबपात्रात घडवलेली, ५५० अंशांना भाजून टेम्प्लेट (छिद्रांना आकार देणारे सेंद्रिय रेणू) जाळून टाकलेली माझी पांढरी पूड पॅराच्या बाबतीत समाधानकारक निकाल देत होती. परंतु पूड रिअ‍ॅक्टरमध्ये थेट भरता येत नाही, कारण तिच्यातून वायू वाहताना दाब फार घटतो. म्हणून मी तीत अ‍ॅल्युमिना हा बाइंडर, म्हणजे पूड बांधून ठेवणारा पदार्थ, मिसळून बारीक कांड्या बनवल्या. त्याच झिओलाइटच्या त्या कांड्यांनी पॅराचे प्रमाण थेट समतोलाच्या, म्हणजे त्या चौथ्या हिश्शाच्या, दिशेने खाली आणले. कित्येक आठवडे मी मिश्रणातले घटक मोजणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफवर, तापमापकावर आणि मेथॅनॉलच्या पंपावर संशय घेत राहिले. दोष बाइंडरच्या निवडीत होता, आणि ती निवड माझी होती. कांड्या भाजताना बाइंडरमधले काही अ‍ॅल्युमिनियम स्फटिकाच्या बाह्य पृष्ठभागावर जाऊन बसले आणि तिथे नव्या आम्ल जागा तयार झाल्या. छिद्रातून निसटलेले पॅरा अशा उघड्या जागेवर आदळले की त्याचे पुन्हा मेटा होते, कारण तिथे त्याला अडवणारी भिंत नसते. सिलिकाचा बाइंडर वापरल्यावर पॅराचे प्रमाण बरेचसे सावरले.

तेव्हापासून स्फटिकाच्या बाह्य पृष्ठभागावर सिलिकाचा पातळ थर चढवणे हाच माझ्या कामाचा गाभा झाला आहे. थर पातळ राहिला तर आम्ल जागा उघड्या राहतात, आणि जाड झाला तर छिद्रांची तोंडे लिंपली जाऊन टोल्युइनच आत शिरत नाही. मोठे स्फटिक घेतले तर आतली वाट लांबते आणि पॅराचा वाटा वाढतो, पण अभिक्रियेचा वेग घटतो. त्यातच ही अभिक्रिया पाणी तयार करते, आणि तापलेली वाफ हळूहळू जाळीतले अ‍ॅल्युमिनियम बाहेर काढते. दुसरीकडे मेथॅनॉलपासून बनणारा कोक, म्हणजे काजळीसारखा कार्बनयुक्त साका, छिद्रांत साचतो आणि उत्प्रेरक मंदावतो. तरीही या कोकला मी निव्वळ शत्रू मानत नाही, कारण टोल्युइनपासून झायलीन बनवण्याच्या एका औद्योगिक पद्धतीत तो मुद्दाम आधी साचवला जातो, ज्यामुळे बाहेरच्या जागा झाकल्या जाऊन पॅराचे प्रमाण वाढते.

सध्या सिलिकाचे एक, दोन आणि तीन थर दिलेल्या तीन तुकड्यांची मी एकाच तापमानाला तुलना करते आहे. दोन थरांच्या तुकडीत पॅराचे प्रमाण चांगले आहे, मात्र ती पहिल्या तुकडीपेक्षा लवकर मंदावते. तिच्यावर साचलेला कोक नेमका स्फटिकाच्या आत आहे की छिद्रांच्या तोंडाशी, हे पाहण्यासाठी वापरलेल्या कांड्या या आठवड्यात हवेत सावकाश तापवून त्यांचे घटते वजन मी नोंदवणार आहे.