रेनस्टाइग : नऊ दिवसांची पायपीट आणि कॅलेंडरात नसलेली एक सुट्टी

सप्टेंबरमध्ये जर्मनीच्या थ्युरिंगिया राज्यात रेनस्टाइग ही पायवाट चालायला जाणार असाल, तर मोबाइलच्या कॅलेंडरातील ‘जर्मनीतील सुट्ट्या’ या यादीवर विसंबू नका. ती यादी खोटी नव्हती, अपुरी होती. या अपुरेपणापायी मला दोन दिवस अर्धपोटी चालावे लागले आणि वर साठ युरो रोख मोजावे लागले.

रेनस्टाइग ही थ्युरिंगियाच्या जंगलातील डोंगरमाथ्यावरून जाणारी सुमारे १७० किलोमीटरची पायवाट आहे. ती आयसेनाखजवळ ह्योर्शेल या गावी वेरा नदीच्या काठी सुरू होते आणि ब्लांकेनश्टाइन येथे सेल्बित्स नदीपाशी संपते. झाडांवर रंगवलेला पांढरा ‘आर’ इतक्या वेळा दिसतो की नकाशा पिशवीतून काढण्याची गरज फारशी पडत नाही. सोमवारी, १५ सप्टेंबर २०२५ रोजी, मी रिवाजाप्रमाणे वेराच्या पात्रातील एक खडा खिशात टाकून निघालो. पहिल्या पाच दिवसांविषयी लिहिण्यासारखे फारसे नाही. वाट उत्तम आहे, चढ सोसण्याजोगे आहेत, आणि ज्याला सह्याद्रीत दिवसभर पाठीवर ओझे घेऊन चालण्याची सवय आहे त्याला कुठेही अडचण येऊ नये.

अडचण सहाव्या दिवशी, शनिवारी, नोयहाउस आम रेनवेग येथे आली. पुढच्या तीन दिवसांचा शिधा येथे भरायचा या हिशेबाने मी पिशवी जवळजवळ रिकामी करून दुपारी गावात पोहोचलो, तर सुपरमार्केटचे दार बंद, बेकरी बंद, औषधाचे दुकान बंद. रविवारी जर्मनीत दुकाने बंद असतात हे ठाऊक होते, पण हा शनिवार होता. बाकावर बसलेल्या एका आजोबांनी थंडपणे सांगितले, ‘आज बालदिन आहे.’ २० सप्टेंबरचा जागतिक बालदिन ही सार्वजनिक सुट्टी जर्मनीच्या सोळा राज्यांपैकी एकट्या थ्युरिंगियात असते, आणि तीही २०१९ पासून. काही किलोमीटर पलीकडे, बव्हेरियाच्या हद्दीत, त्याच क्षणी दुकाने उघडी होती. दुसऱ्या दिवशी रविवार असल्याने तीही बंद होणार होती. शेवटी पेट्रोल पंपावरच्या दुकानातून पाव, चीज आणि पाण्याच्या दोन बाटल्या घेतल्या आणि जवळजवळ बावीस युरो दिले. माझ्याजवळ त्याखेरीज मूठभर चिवडा आणि दोन सफरचंदे एवढेच उरले होते.

चूक माझी होती हे मान्य, परंतु ती का झाली हे समजून घेतल्याशिवाय हा प्रदेशच समजत नाही. जर्मनीत सबंध देशाला लागू होणारी, केंद्राच्या पातळीवर ठरलेली सुट्टी एकच आहे, ती म्हणजे ३ ऑक्टोबरचा एकीकरण दिन. बाकी साऱ्या सुट्ट्या त्या त्या राज्याच्या कायद्याने ठरतात, आणि त्या यादीत त्या राज्याचा सारा इतिहास साठलेला असतो. थ्युरिंगियात ३१ ऑक्टोबरला, धर्मसुधारणा दिनाला, सुट्टी असते, कारण हा धर्मसुधारक मार्टिन लुथरचा मुलूख आहे. १५२१-२२ मध्ये आयसेनाखच्या वार्टबुर्ग किल्ल्यात लपून राहून त्याने बायबलच्या नव्या कराराचा जर्मन अनुवाद केला तो काही आठवड्यांतच. बव्हेरियात ३१ ऑक्टोबरला कामाचा दिवस असतो आणि १ नोव्हेंबरला, सर्व संतांच्या दिवशी, सुट्टी असते. थ्युरिंगियात नेमके उलटे. आणि थ्युरिंगियातच, वायव्येकडील आइक्सफेल्ड हा भाग शतकानुशतके माइन्त्सच्या आर्चबिशपच्या ताब्यात राहिल्याने कॅथलिक उरला, म्हणून तेथे कॉर्पस क्रिस्टी या कॅथलिक सणालाही सुट्टी असते. तेव्हा निघण्यापूर्वी राज्यवार यादी पाहावी, आणि सीमेवरून चालणार असाल तर दोन्ही बाजूंची पाहावी.

रेनस्टाइग ही मुळात सीमाच आहे. सोळाव्या-सतराव्या शतकांत येथील वेटिन या राजघराण्याच्या एर्नेस्टीन शाखेत थोरल्या मुलालाच सारे राज्य देण्याचा नियम नव्हता, त्यामुळे दर पिढीला वाटण्या होत गेल्या. गोथाच्या धर्मनिष्ठ एर्न्स्टला सात मुलगे होते, आणि १६८० मध्ये त्या सातांनी राज्य वाटून घेतले: गोथा, कोबुर्ग, माइनिंगेन, र्‍योमहिल्ड, आयसेनबेर्ग, हिल्डबुर्गहाउसेन आणि साल्फेल्ड. या संस्थानांच्या हद्दीचे दगड वाटेवर आजही उभे आहेत. त्यांतील एकापाशी मी बूट सैल करायला बसलो, तेव्हा हिरव्या शेवाळाखाली बोटाला एक कोरलेला आकडा लागला. वरचे राजचिन्ह इतके झिजले होते की तो सिंह होता की नुसता डाग हे कळेना. तीन संस्थाने एकत्र येतात तेथील दगडाला ‘त्रिधनी दगड’ म्हणावे अशा अर्थाचे जर्मन नाव आहे, आणि असे दगड येथे एकाहून अधिक आहेत. इन्सेल्सबेर्ग हे ९१६ मीटरचे शिखरही वाटणीतून सुटले नाही. त्याच्या माथ्यावरूनच सीमा गेली होती, एका बाजूला गोथा आणि १८६६ नंतर दुसऱ्या बाजूला प्रशिया.

दगडांवर एवढा वेळ घालवण्याचे कारण हे, की सातव्या दिवशीच्या वाटेचे उत्तर त्यांतच आहे. पहिल्या महायुद्धानंतर राजे गेले आणि १ मे १९२० रोजी येथील छोट्या राज्यांचे मिळून थ्युरिंगिया राज्य झाले, राजधानी वायमार. मात्र कोबुर्गच्या लोकांनी ३० नोव्हेंबर १९१९ च्या मतदानात थ्युरिंगियाला नकार दिला आणि ते बव्हेरियात गेले. त्या वेळी हा निर्णय स्थानिक सोयीचा असेल; पण १९४५ च्या जुलैत थ्युरिंगिया सोव्हिएत सैन्याकडे गेला, कोबुर्ग अमेरिकनांकडे राहिले, आणि एकाच फ्रँकोनियन बोलीची शेजारची गावे चाळीस-पंचेचाळीस वर्षे पूर्व आणि पश्चिम जर्मनीमधील काटेरी तारांच्या दोन बाजूंना पडली. रेनस्टाइगचा पूर्वेकडील तुकडा बव्हेरियात शिरून पुन्हा थ्युरिंगियात येतो, त्यामुळे त्या काळात ही वाट सलग चालणे अशक्य होते.

आणि हाच तुकडा सर्वांत वाईट आहे. नोयहाउसपासून एर्न्स्टताल, श्पेख्ट्सब्रुनवरून श्टाइनबाख आम वाल्डपर्यंत जाताना वाट पुन्हा पुन्हा मोटाररस्त्याला येऊन चिकटते. ‘डोंगरमाथ्यावरची जंगलवाट’ हे वर्णन वाचून आलेल्या माणसाने येथे डांबरावर टाचा झिजवाव्यात, याचा मला मनस्वी राग आला. रविवारी ट्रकना बंदी असते हे खरे, पण त्यामुळे रिकामा झालेला रस्ता मोटारसायकलवाल्यांना आंदण मिळतो आणि दर वळणावर अंगावर हवेचा झोत घेत कडेच्या गवतात उतरावे लागते. दुपारी गुडघा बोलू लागला, म्हणून बसची वाट पाहिली. ती रविवारी येत नव्हती. फोन करून बोलावलेल्या टॅक्सीवाल्याने मीटर न लावता ‘साठ’ एवढेच सांगितले. अंतर पाऊण तासाच्या आतले होते. भाव आधी विचारून, मीटर लावणार का हे स्पष्ट करूनच बसावे, आणि जवळ शंभरेक युरो रोख ठेवावेत. कार्ड दाखवल्यावर त्याने केवळ मान हलवली होती.

माझा सल्ला स्पष्ट आहे. संपूर्ण वाट चालल्याचा हट्ट नसेल, तर नोयहाउसला थांबा, कामाच्या दिवशी बसने पुढे जा, आणि वाचलेला दिवस खाली लाउशात घालवा. १५९७ पासून काच करणाऱ्या या गावात डोळ्यांदेखत फुंकून गोळे बनवताना पाहता येते, आणि नाताळच्या झाडावरचे काचेचे गोळे येथूनच जगभर गेले. हट्ट असेलच, तर सोमवार ते शुक्रवार हा तुकडा पार करा. त्याआधीचा जीगमुंड्सबुर्गजवळचा त्रिनदी दगड मात्र चुकवू नका: एल्ब, वेझर आणि ऱ्हाइन या तीन नद्यांची पाणलोटक्षेत्रे तेथे मिळतात. मी तेथे बाटलीतले शेवटचे पाणी तीन बाजूंना सांडले, आणि पुढच्या झऱ्यापर्यंत त्याचा पश्चात्ताप केला.

परतताना एर्फुर्टला एक दिवस दिला तो योग्यच होता. थ्युरिंगियाच्या मुख्यमंत्र्यांचे कार्यालय तेथे माइन्त्सच्या आर्चबिशपच्या राज्यपालाच्या जुन्या वाड्यात आहे. त्याच वाड्यात १८०८ मध्ये नेपोलियन आणि कवी गटे यांची भेट झाली. जे शहर आज राजधानी आहे ते १९२० मध्ये थ्युरिंगियात नव्हतेच, ते प्रशियाचे होते. १९५२ मध्ये पूर्व जर्मनीने राज्येच मोडून जिल्हे केले. थ्युरिंगिया १९९० मध्ये पुन्हा उभे राहिले, आणि १९९३ मध्ये त्याची राज्यघटना विधिमंडळाने वार्टबुर्ग किल्ल्यात बसून मंजूर केली. बालदिनाची सुट्टीही याच विधिमंडळाची देणगी.

नवव्या दिवशी ब्लांकेनश्टाइनला खडा सेल्बित्समध्ये टाकला. स्टेशन गावातच आहे आणि जर्मनी तिकीट, म्हणजे देशभर प्रादेशिक गाड्यांत चालणारा मासिक पास, तेथे चालते, पण गाड्या विरळ आहेत. वेळापत्रक आदल्या रात्री पाहून ठेवावे. पुलाजवळ भेटलेल्या एका बाईंनी ‘गुट रुन्स्ट’ हे वाटसरूंचे अभिवादन केले. मी पहिला प्रश्न विचारला तो, आज दुकाने उघडी आहेत ना, असा.