नाशिकमध्ये क्रेडिट ऑफिसरची मुलाखत : माझा अनुभव

बी.कॉम.नंतर ‘बँकेत नोकरी आहे’ म्हणून जे फोन येतात, त्यातले बरेचसे सेल्सचे असतात. खाती उघडा, विमा विका, टार्गेट गाठा. त्यात वाईट काही नाही, पण मला कर्जाची फाइल तपासून ‘द्यावं की नाही’ हे सांगणाऱ्या बाजूला जायचं होतं, म्हणजे क्रेडिटला. शेवटी ट्रॅक्टर आणि गाड्यांना कर्ज देणाऱ्या एका फायनान्स कंपनीत निवड झाली. तिथपर्यंत काय काय लागतं, ते इथे लिहितो.

फोन आला की पहिला प्रश्न आपण विचारायचा: ऑन-रोल की ऑफ-रोल? ऑफ-रोल म्हणजे काम त्या बँकेचं, पण पगार आणि नियुक्तिपत्र दुसऱ्याच एजन्सीचं. दुसरा प्रश्न: सेल्स, क्रेडिट की कलेक्शन (थकलेल्या कर्जाची वसुली)? जाहिरातीत तिघांनाही ‘ऑफिसर’च म्हणतात. कलेक्शनला जायचं असेल तर डीआरए (वसुली एजंटचं) प्रमाणपत्र लागतं, त्याचं प्रशिक्षण पदवीधरांना ५० तास आणि इतरांना १०० तास. म्युच्युअल फंड विकायचे असतील तर एनआयएसएम या संस्थेची पाच-ए परीक्षा: १०० प्रश्न, दोन तास, पास व्हायला ५० टक्के, निगेटिव्ह मार्किंग नाही. क्रेडिटला अशी सक्तीची परीक्षा नसते. तिथे सगळी परीक्षा मुलाखतीतच होते.

आणि नोकरीसाठी कुणी लॅपटॉपचं डिपॉझिट, ट्रेनिंग फी किंवा ‘फाइल चार्ज’ मागितला, तर तिथेच फोन ठेवायचा. नोकरी देणारी खरी कंपनी उमेदवाराकडून पैसे मागत नाही.

नोकरीच्या पोर्टलवर अर्ज करत राहावंच. पण मला उत्तरं आली ती मुख्यतः आत काम करणाऱ्याने बायोडेटा पुढे पाठवल्यावर आणि शरणपूर रोड, कॅनडा कॉर्नर, नाशिक रोडच्या शाखांत स्वतः जाऊन भेटल्यावर. बायोडेटा एका पानाचा. ‘मेहनती, प्रामाणिक’ या ओळी काढून टाकल्या आणि वरच लिहिलं: दुचाकी आणि लायसन्स आहे, निफाड-दिंडोरी-सिन्नर तालुके माहीत आहेत, एक्सेल आणि टॅली येतं, सातबारा वाचता येतो. ही शेवटची ओळ वाचून मुलाखतीला बोलावलं, असं मला नंतर सांगण्यात आलं.

अर्ज करण्याआधी आपला स्वतःचा सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींचा रिपोर्ट बघा. या नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक कंपनीकडून, म्हणजे क्रेडिट ब्युरोकडून, वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. दुसऱ्यांच्या कर्जाचा निर्णय घेणाऱ्याचा रिपोर्ट कंपनी बघणारच. हप्त्यावर घेतलेल्या मोबाइलचा राहिलेला शेवटचा हप्ता, मित्राला दिलेला जामीन, ‘सेटल्ड’ (कमी रकमेवर तडजोड करून मिटवलेलं कर्ज) अशी नोंद, हे सगळं तिथे दिसतं. नोंद चुकीची असेल तर ब्युरोकडे तक्रार करता येते. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तेव्हा ही दुरुस्ती महिनाभर आधीच सुरू करा. आधार, पॅन आणि मार्कशीट यांवर नाव एकसारखं आहे का तेही बघा. वडिलांचं नाव एका ठिकाणी पूर्ण आणि एका ठिकाणी नुसतं आद्याक्षर, एवढ्यावरूनही पडताळणी अडते. जुनी नोकरी लपवू नका, पीएफच्या नोंदीत ती तारखांसकट दिसते.

मुलाखतीच्या तीन फेऱ्या. एचआरचा फोन दहा मिनिटांचा: पगार किती हवा, कधी रुजू व्हाल, गाडी आहे का, मालेगाव किंवा येवल्याला जायची तयारी आहे का. शाखा व्यवस्थापकांची फेरीही साधीच असते. खरी मुलाखत एरिया क्रेडिट मॅनेजरची. ते समोर फाइल ठेवतात आणि गप्प बसतात.

माझ्यासमोर आलेल्या फाइलमध्ये सातबारा होता. क्षेत्र १.६२ हेक्टर, म्हणजे चार एकर. पण नावं चार आणि खातं सामाईक. अर्जदाराच्या वाट्याला धरायचं एकच एकर, भावांची संमती आली तर गोष्ट वेगळी. इथे बरेच जण वरचा आकडा वाचून ‘चार एकर बागायत’ म्हणून मोकळे होतात. त्यानंतर बघायचा ‘इतर अधिकार’ हा रकाना: विकास सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा आहे का. ट्रॅक्टर तारण असतो, त्यामुळे बोजा आहे म्हणून कर्ज नाकारायचं नसतं. पण त्या पीककर्जाची परतफेड उत्पन्नातून वजा करावी लागते. भोगवटादार वर्ग २ असेल तर ती जमीन परवानगीशिवाय हस्तांतरित होत नाही, हे सांगता आलं पाहिजे. नमुना १२ वर, म्हणजे सातबाऱ्याच्या पीकपाण्याच्या भागात, कुठलं पीक लागलंय ते बघायचं, कारण अर्जात ‘द्राक्ष’ आणि पीकपाण्यात ‘सोयाबीन’ असं सापडतं. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत ऑनलाइन निघतो. आपल्या घरचा किंवा नातलगांचा काढून आधी त्यावर सराव करा.

लगेच पुढचा प्रश्न: हप्ता मासिक की सहामाही? द्राक्षाचा पैसा साधारण जानेवारी ते एप्रिलमध्ये येतो. ऑक्टोबर छाटणीनंतर औषधं आणि मजुरीचा खर्च चालू असतो, त्यामुळे मासिक हप्ता डिसेंबरपर्यंत दोन-तीनदा बाउन्स होणारच, माणूस कितीही सचोटीचा असला तरी. उन्हाळी कांदावाला चाळीत माल ठेवून थोडाथोडा विकतो, त्याला तिमाही जमतो. घरात दूध असेल तर मासिकही चालतो. अवकाळीचं काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, एकाच पिकावर सगळी परतफेड मोजायची नाही, दूध, पगार, भाड्याने नांगरट असं दुसरं उत्पन्न कागदावर शोधायचं. नाशिकमध्ये मुलाखत असेल तर हा भाग पाठ करून नाही, समजून जा.

पगारदाराच्या फाइलमध्ये सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट असतं. अंबडच्या कंपनीतला ऑपरेटर, पगार २२,०००, चालू हप्ता ४,५००, नवा ५,२००. एकूण ९,७००, म्हणजे पगाराच्या ४४ टक्के. सगळे हप्ते मिळून पगाराच्या पन्नास टक्क्यांच्या आत आहेत, पण एवढ्यावर थांबायचं नाही. हप्त्याच्या आदल्या दिवशी नेमकी रोख भरली जाते का, एनएसीएच रिटर्नचे (खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता परत गेल्याचे) दंड किती वेळा कापले गेलेत, हे बघायचं. दोन-चार ओळींची शिल्लक कॅल्क्युलेटरवर जुळवूनही बघायची. पीडीएफमध्ये आकडे बदललेले असतील तर बेरीज तिथेच फसते.

मग कोरा कागद देऊन हिशोब: एक लाख, एक वर्ष, १२ टक्के. घटत्या शिलकीवर हप्ता ८,८८५. फ्लॅट दराने १,१२,००० भागिले १२, म्हणजे ९,३३३. ‘दर तर दोन्हीकडे बाराच’ म्हणणारा इथेच बाद होतो. दर महिन्याला मुद्दल कमी होतं, पण फ्लॅटमध्ये व्याज शेवटपर्यंत पूर्ण लाखावर लागतं. म्हणून तो दर घटत्या शिलकीच्या हिशोबाने साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो.

थकबाकीचे टप्पेही विचारतात: ३० दिवसांपर्यंत एसएमए-शून्य (एसएमए म्हणजे थकू लागलेलं खातं), ६० पर्यंत एक, ९० पर्यंत दोन, त्यापुढे एनपीए, म्हणजे थकीत कर्ज. वसुलीचा फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायचा नाही, हेही.

ऑफर लेटर आलं की वार्षिक आकड्याला १२ ने भागून खूश होऊ नका. समजा सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, ३,६०,००० आहे. त्यात ४८,००० इन्सेंटिव्ह असेल तर ते टार्गेट गाठलं तरच. उरले महिना २६,०००. मूळ पगार १३,००० धरला, तर कंपनीचा पीएफ १,५६० आणि ग्रॅच्युइटीचे सुमारे ६२५ यातूनच जातात. मग आपला पीएफ १,५६० आणि व्यवसाय कर २००. हातात येतात साधारण २२,०००, तीस हजार नाही. दिंडोरी-निफाडच्या फेऱ्यांचं पेट्रोल किलोमीटरवर मिळतं की ठरावीक रकमेत, आणि ते या आकड्याच्या आत आहे की बाहेर, हे सही करण्याआधी ईमेलवर लिहून घ्या.